‘आता फुल कधी?’ हा प्रश्न जरा थांबवावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गोव्यातील हाफ आयर्नमॅन ही पोहणे, सायकल आणि धावणे अशी सलग ट्रायथलॉन स्पर्धा पूर्ण करून आलेल्या आपल्या भागातील खेळाडूंच्या मुलाखती आपल्या दैनिकात वाचल्या आणि मनापासून आनंद झाला. मात्र जवळजवळ प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी ‘आता फुल (म्हणजे दुप्पट अंतराची) आयर्नमॅन कधी?’ हा प्रश्न होता. दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न मलाही सत्कारात, बाजारात आणि नातेवाइकांकडे विचारला गेला. त्याचे उत्तर मी घाईने देऊन बसलो, म्हणून हे पत्र.

मी ४७ वर्षांचा माध्यमिक शिक्षक आहे. गोव्यातील या हाफ स्पर्धेत मिरामारच्या किनाऱ्यावर १.९ किलोमीटर पोहणे, त्यानंतर ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणे हे सारे साडेआठ तासांच्या मर्यादेत पूर्ण करायचे असते. मला ७ तास ५२ मिनिटे लागली. घरी परतल्यावर पहिले दोन आठवडे आनंदात गेले. पुढे मात्र पहाटे साडेचारला जाग येई आणि करायला काहीच नसे. वर्षभर ज्या तक्त्याप्रमाणे दिवस ठरत होता, तो तक्ताच संपलेला होता. या रितेपणातच मी तिसऱ्या आठवड्यात जानेवारीतील पूर्ण मॅरेथॉनसाठी नाव नोंदवले आणि ‘फुल’ची तारीखही मनाशी पक्की केली. डिसेंबरच्या मध्यावर डाव्या नडगीत एका बोटाएवढ्या जागेवर दुखू लागले. दाबले की कळ येई, तरी मी धावतच राहिलो. शेवटी हाडाला सूक्ष्म तडा गेल्याचे निघाले आणि चार महिने धावणे बंद झाले.

डॉक्टरांनी तेव्हा सांगितलेली गोष्ट प्रत्येक नव्या ट्रायथलीटने ऐकावी अशी आहे. हृदय आणि फुप्फुसे सरावाला लवकर प्रतिसाद देतात, पण हाडे आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे कंडरे यांना त्याच ओझ्याची सवय व्हायला कितीतरी जास्त काळ लागतो. त्यामुळे दम लागत नाही म्हणजे शरीर तयार आहे, असा समज करून घेणे धोक्याचे ठरते. पूर्ण आयर्नमॅन म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे. कागदावर हे हाफच्या दुप्पट दिसत असले तरी शरीराला ते दुपटीहून खूप जड जाते.

त्या चार महिन्यांत मी शर्यतीतील माझ्या वेळा पुन्हा तपासल्या. सर्वांत कच्चे होते ते पोहणे. १ तास १० मिनिटांची मर्यादा असताना मी पाण्याबाहेर आलो, तेव्हा जेमतेम ६ मिनिटे उरली होती. पुढचे ध्येय खरे तर इथे दडलेले होते आणि मी ते लांब अंतरात शोधत होतो. म्हणून मी फुलचा विचार दोन वर्षे पुढे ढकलला आणि मालवणच्या चिवला बीचवर डिसेंबरमध्ये होणारी सागरी जलतरण स्पर्धा हे पहिले लक्ष्य ठरवले. दुसरे लक्ष्य २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी. तिला साडेतेरा तास मिळतात आणि तिथे क्रमांक नसतो. एकट्याने, न थकता, खात-पीत सायकल चालवत राहणे एवढीच तिथे परीक्षा असते.

समुद्रात पोहायला मला शिकवले ते भाट्याच्या एका वयस्क मच्छीमार काकांनी. ते मला म्हणाले, “गुरुजी, आधी तिथी बघा, मग घड्याळ.” अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या दिवसांत ओहोटी सुरू झाली की काजळी नदीचे पाणी खाडीच्या तोंडाशी माणसाला सहज बाहेर ओढते, तर भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, तोच समुद्र बराच शांत असतो. पहाटे जमिनीवरून मतलई वारा असतो, तोवर पाणी सपाट राहते. दिवस चढला आणि समुद्रावरून खारा वारा सुटला की लाट तोंडावर येऊ लागते आणि श्वासाची लय बिघडते. तलावात कितीही फेऱ्या मारल्या तरी हे कळत नाही.

यातूनच माझ्या लक्षात आले की, इंटरनेटवरून उतरवलेले सरावाचे तक्ते थंड देशांतील ऋतूंवर बेतलेले असतात. आपला तक्ता पावसावर बेतायला हवा. जून ते नारळी पौर्णिमा समुद्राचे नावही काढू नये. त्या काळात व्यायामशाळेत ताकद कमवावी आणि घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल एका जागी चालवता येईल अशा स्टँडवर, सायकल चालवावी. दसऱ्यानंतर समुद्र, थंडीत सागरी महामार्गावर लांब सायकल (आरे-वारेचे चढ पायांची उत्तम परीक्षा घेतात) आणि एप्रिल-मेमध्ये थोडेच, पण पहाटे धावणे. आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. अशा वेळी नुसते पाणी ढोसल्याने रक्तातील मीठ घटून चक्कर येऊ शकते. मी सायकलच्या बाटलीत मीठ-साखर घातलेले कोकमाचे सरबत ठेवतो आणि आजवर ते मला बाधलेले नाही.

गेल्या डिसेंबरात चिवला बीचवर ३ किलोमीटर पोहून बाहेर आलो, तेव्हा पायाखालची वाळू लागताच डोळ्यांत पाणी आले. मिरामारला तसे झाले नव्हते. यंदाच्या थंडीत ब्रेव्हे आहे. फुल आयर्नमॅनसाठी परदेशी जावे लागते, खर्चही मोठा आहे, पण ती इच्छा मी सोडलेली नाही.

आपल्या दैनिकाला विनंती आहे की, अशा खेळाडूंना ‘आता फुल कधी?’ असे विचारण्याऐवजी ‘या शर्यतीत काय कच्चे राहिले आणि त्यासाठी काय करणार?’ असे विचारावे. आणखी एक मागणी आहे. ऑक्टोबर ते मे या काळात भांगाच्या रविवारी सकाळी दोन तास, एखाद्या सुरक्षित किनाऱ्यावर तरंगते बोये लावून आणि जीवरक्षकासह एक होडी ठेवून पोहण्याची पट्टी आखून द्यावी, यासाठी आपण प्रशासनाकडे पाठपुरावा करावा. होडी आणि ती चालवणारी जाणकार माणसे आपल्या प्रत्येक कोळीवाड्यात आहेत. त्यांना योग्य मानधन मिळाले तर ती आनंदाने येतील, हे मी त्यांच्याशी बोलूनच लिहीत आहे.

आपला नम्र,
एक शिक्षक व नियमित वाचक, रत्नागिरी