अण्णा, त्या पेन्सिलीच्या चिठ्ठ्यांबद्दल

अण्णा, नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावरून सर्व्हेसाठी बारके जीव घेऊन मी नाशिकला आले तेव्हा पावसाळा तोंडावर होता. ओहोटीला खडकावरचं शेवाळ बादलीत खळबळून धुवायचं आणि पाणी अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून गाळायचं, की अ‍ॅम्फिपॉड (कोळंबीच्या नात्यातले इवलेसे जीव), बारीक गोगलगायी, किडे, तुटक्या हातांचे ब्रिटल स्टार (तारामाशासारखे जीव) असं काय काय चाळणीवर उरतं, ते चिठ्ठी टाकून अल्कोहोलच्या बाटल्यांत भरायचं. पावसाळ्यात किनारा बंद, मग बाटल्या उघडून एकेक जीव ओळखत बसायचं. त्याला स्टिरिओ मायक्रोस्कोप लागतो. नाशकात जिथे तो कपड्याखाली झाकून पडलाय तिथे मी हात जोडून गेले, तर "इथे समुद्र कुठाय, गोदावरीतले मासे कर की". बरं, मायक्रोस्कोप नका देऊ, पण ठेवायला म्हणून घेतलेल्या बाटल्या तरी नीट ठेवायच्या ना! आतल्या चिठ्ठ्या काढून टाकल्या, बाहेरून मार्करने नंबर टाकले, अल्कोहोल झिरपलं आणि निम्मे नंबर पुसले. त्याचं कुणाला काही वाटलंही नाही. मला अजून राग येतो.

आणि तुम्ही! पिंपळगावच्या तुमच्या लॅबमध्ये नेमका तेव्हाच द्राक्षाच्या काडी तपासणीचा सीझन, ऑक्टोबर छाटणीच्या आधी काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे कोंबात, घड आहे की नाही हे बघून घ्यायला शेतकरी काड्यांचे जुडगे घेऊन बसलेले, तरी तुम्ही एवढंच म्हणालात की रात्री मशीन मोकळंच असतं, ये. पत्र नाही, शिक्का नाही, "याचा उपयोग काय" हा प्रश्न तर नाहीच.

पण मायक्रोस्कोपपेक्षाही माझ्या मनात बसलंय ते वेगळंच. पहिल्याच रात्री तुम्ही एक बाटली दिव्याखाली तिरकी धरलीत, पुसट नंबर बघितला आणि म्हणालात, "चिठ्ठी गेली की आमची काडी पण नुसतं लाकूड. तुझी वही काढ." मग जाड ड्रॉइंग पेपरच्या पट्ट्या कापल्यात, पेन्सिलीला टोक काढलंत (शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, पेन्सिल नाही, हे तुम्हाला मी सांगायच्या आधीच माहीत होतं) आणि दिवसभर काड्या तपासून थकलेले असताना पुसट आकडे लेन्सखाली वाचून, माझ्या वहीशी जुळवून, ठिकाण, तारीख, भरतीच्या रेषेपासून किती खाली, कुठलं शेवाळ, सगळं बारीक अक्षरात लिहून एकेक चिठ्ठी चिमट्याने बाटलीत सोडलीत. जिथे खात्री नव्हती तिथे अंदाजाने काही लिहू दिलं नाहीत, ती बाटली बाजूला ठेवलीत.

हे किती मोठं आहे ते वाचणाऱ्यांना सांगते. अ‍ॅम्फिपॉडची मादी पिल्लं पोटाखालच्या पिशवीतच वाढवते, पाण्यावर वाहून जाणारी अळी तिच्यात नसते. त्यामुळे एका खडकावरचे आणि पलीकडच्या खाडीच्या तोंडावरचे दिसायला सारखे असले तरी वेगळे निघू शकतात. कुठला जीव कुठला हेच गेलं तर सर्व्हे कसला करायचा? तुम्ही ती पिशवी पाहिलीत, आत तिळाहून लहान पिल्लं हलल्यासारखी दिसली तेव्हा काकूंना हाक मारलीत, आणि काकू लेन्सला डोळा लावून किती वेळ उठल्याच नाहीत.

शिकलेली, खुर्चीवर बसलेली माणसं मी खूप पाहिली. दुसऱ्याचं काम आपलं नसताना ते आपल्या कामाइतकंच नीट करणारी माणसं फार थोडी भेटतात, आणि त्यांच्याच जिवावर बाकीच्यांची कामं चालतात असं मला आता खरंच वाटतं.

अहवालात तुमचं नाव टाकायला तुम्ही नको म्हणालात, ते मी ऐकणार नाहीये. छाटणीची गर्दी ओसरली की त्रिपुरी पौर्णिमेच्या उधाणाला रत्नागिरीला चला, काकूंनाही आणा, तिथून मालवणलाही जाऊ, तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे त्यामुळे उचलायचं काही नाही, नुसतं बघायचं. चपला मात्र जाड तळव्याच्या घ्या, कालवांची धार फार लागते.