मिश्र अध्यापनाचे श्रमही मोजावेत

महोदय,

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत चार श्रेयांकांचा (क्रेडिटचा) संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करणाऱ्या अध्यापकाला पदोन्नतीसाठी विचारात घेतल्या जाणाऱ्या संशोधन गुणांकात २० गुण मिळतात. परंतु चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चामंच आणि स्वमूल्यमापन या चारही अंगांवर महिनोन्महिने राबताना माझ्या महाविद्यालयात साप्ताहिक तासिका एकानेही कमी झाल्या नाहीत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील माध्यम केंद्रामुळे चित्रीकरणाची सोय तरी आहे. खरा कस लागतो तो नंतर, मिश्र अध्यापनात, म्हणजे विद्यार्थ्यांनी घरी ऑनलाइन पाहिलेल्या पाठाचा धागा पकडून वर्गातली चर्चा पुढे नेताना, आणि त्या तयारीची दखल पदोन्नतीच्या वेळी कोणी घेतल्याचे मला आठवत नाही. ई-शिक्षण हेच कार्यक्षेत्र निवडणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना तासिकांत सवलत द्यावी, ही कळकळीची विनंती.

— एक प्राध्यापिका, कोथरूड, पुणे