अक्कलदाढ काढल्यावर

वेंगुर्ला

चि. सुहास,
अनेक आशीर्वाद.

खालची अक्कलदाढ काढलीस, बरं केलंस. आता ठणकेल, पण त्यापेक्षा मला काळजी आहे ती खळग्यात धरलेल्या रक्ताच्या गाठीची. उघड्या हाडावरचं झाकण तेच, आणि तिच्याच आधाराने हिरडी भरते. म्हणून आज जोरात थुंकू नकोस, चुळा भरू नकोस, जिभेने चाचपू नकोस. शहाळंसुद्धा नळीने ओढू नकोस, ग्लासात ओतून घे. मिरकरवाड्याच्या जेटीवर विडी, तंबाखू हातोहात फिरते, मला ठाऊक आहे. या दिवसांत तिला शिवूसुद्धा नकोस रे. तिने जखम चिघळते.

उद्यापासून ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालायचं, तोंडात हलकेच फिरवून सोडून द्यायचं. जेवायला निवलेली पेज, नाहीतर गुरगुट्या भात. तिखट सार आणि काट्याचे मासे नंतर.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, मग ओसरते. खळग्यात पांढुरका-पिवळसर थर दिसला तर पू समजून खरवडू नकोस, भरत्या जखमेवर तो येतोच. पण कमी होत आलेलं दुखणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट वाढलं, कानापर्यंत सणका जाऊ लागला, तोंडाला घाण वास आला, तर गाठ निघून हाड उघडं पडलं असणार. डॉक्टर याला ड्राय सॉकेट म्हणतात. तुझ्या आत्याने ते कानाचं दुखणं समजून अंगावर काढलं, कानात तेल घालत बसली. शेवटी दाताच्या डॉक्टरांनी खळगा धुऊन आत औषधाची पट्टी भरली, तेव्हा त्या रात्री तिला झोप लागली. घरी लवंगेचं तेल ओतू नकोस, हिरडी भाजते.

रक्त आलं तर स्वच्छ गॉजची घडी अर्धा तास घट्ट चावून धर. अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नकोस. तरीही थांबलं नाही, ताप आला, सूज वाढतच राहिली, तोंड उघडेना किंवा गिळवेना, तर लगेच दवाखाना गाठ, रात्र असली तरी. ओठ बधिरच राहिला तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाल.

खळग्यावरची हिरडी काही आठवड्यांत मिटेल, आतलं हाड भरायला महिने लागतात. पण निदान हा आठवडा ट्रॉलरवर चढू नकोस. भर समुद्रात रक्त सुरू झालं तर तिथे डॉक्टर कुठून आणायचा? तांडेल ऐकत नसेल तर कळव, बाबा त्याच्याशी बोलतील.

तुझी,
आई