तो आला नाही, तरी तिचा केसपेपर काढा

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

दारूग्रस्तांच्या घरच्यांसोबत काम करणारे आम्ही काही समाजसेवक आणि समुपदेशक यंदा निवृत्त होत आहोत. शाल-श्रीफळ होईलच. त्याआधी एक मागणी आहे: पिणारा दवाखान्यात आला नाही, तरी त्याच्या बायकोच्या किंवा आईच्या नावाने वेगळा केसपेपर निघावा.

आज बाई ओपीडीत आली की पहिला प्रश्न येतो, "पेशंट कुठंय?" तो घरी पडलेला. "त्याला घेऊन या" एवढं ऐकून ती परत जाते. त्या दिवसाची रोजी गेलेली असते. केंद्र सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळाल्याचं दिसलं. उरलेल्या ३७ घरांतल्या बायका मग स्वतःच इलाज शोधतात.

कुणी जेवणातून नकळत डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवायची गोळी, देतं. ही गोळी शेवटच्या पेगनंतर किमान १२ तासांनी आणि रुग्णाला सांगूनच द्यायची असते. नाहीतर तो वर पितो, चेहरा लाल होतो, रक्तदाब कोसळतो, जिवावर बेततं. गोळी थांबवली तरी परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. कुणी श्रावण लागला किंवा गळ्यात माळ घातली म्हणून दारू एकदम तोडायला लावतं. सकाळी उठल्यावर हात थरथरणाऱ्या, घोट घेतल्याशिवाय न चालणाऱ्या माणसाला पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम सुरू होऊ शकतो. घरचे याला बाहेरची बाधा समजतात आणि मांत्रिकाकडे नेतात. दवाखान्यात आणलंच, तर थायमिनच्या (जीवनसत्त्व ब-१) आधी ग्लुकोजची बाटली लागते. उपाशी, कुपोषित पिणाऱ्याच्या मेंदूला त्याने कायमची इजा होऊ शकते. म्हणून थायमिनची इंजेक्शनं प्राथमिक आरोग्य केंद्रात कायम असावीत.

तिच्या पहिल्या भेटीला ४० मिनिटं लागतात. आधी मारहाण आणि मुलांची सुरक्षितता, गरज पडली तर घरगुती हिंसाचार कायद्याखालचा संरक्षण अधिकारी. मग तिची झोप, आणि जीव द्यावासा वाटतो का, हे थेट विचारायचं. त्यानंतर तो किती पितो, पूर्वी सोडताना फिट आली होती का. शेवटी बचत गटाचं कर्ज आणि गहाण दागिने. हा क्रम उलटा झाला की बाई कर्जावर बोलत राहते आणि मार लपवते.

तिला शिकवायचं ते थोडंच: तो प्यायलेला असताना वाद घालू नये, सकाळी शुद्धीत असताना दोन वाक्यांत बोलावं. त्याची उधारी फेडू नये, कामावर त्याच्यासाठी खोटी आजारपणं कळवू नयेत. हे एका भेटीत जमत नाही. सासू रोज उलटं सांगत असते. तो न पिता घरी असतो त्या वेळी त्याच्याशी नीट वागावं, हे तर तिला चक्क अन्याय वाटतं, आणि तिचं काही चुकत नाही. पण उपचाराला तयार होणारी माणसं बऱ्याचदा अशाच वेळी तयार होतात.

तो दाखल होऊन सुटला, तरी फॉलोअपचा फोन त्यालाच जातो. पुन्हा प्यायला लागला की तो फोन घेत नाही आणि फाइल बंद होते. पहिले तीन महिने सर्वांत घसरणीचे. तेव्हा तिला फोन गेला पाहिजे. पिणाऱ्याला गाडी पाठवून उचलून नेणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांचं दुकान याच पोकळीत चालतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये अशा उचलण्याला जागा नाही; इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर स्वतंत्र तपासण्या लागतात, आणि सुरुवातीची मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. हे तिला कुणी सांगत नाही.

यासाठी नवी इमारत नको. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाने तालुक्याच्या रुग्णालयात आठवडी बाजाराच्या दिवशी बसावं; त्या दिवशी बाईला घराबाहेर पडायला कारण सांगावं लागत नाही. नोंदवहीत "कुटुंबीय, रुग्ण अनुपस्थित" असा एक रकाना वाढवावा. आदेश निघाला, तर जाण्याआधी नव्या लोकांना बसवून शिकवायची आमची तयारी आहे.

आपले,
निवृत्त होणारे वैद्यकीय समाजसेवक व समुपदेशक