हिशेब कोणी कोणाला द्यायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मतदानाचा घटता टक्का, तरुणांची उदासीनता आणि राजकारणाचा लोकांना आलेला वीट या विषयांवर वृत्तपत्रांतून जे लिहिले जाते, त्यात एक सूर ठरलेला असतो. लोकांना लोकशाहीची किंमत उरलेली नाही, मतदानाच्या सुट्टीला ते गावाला जातात आणि मागाहून सरकारला नावे ठेवतात, असा तो सूर आहे. खानदेशातील एक कापूस उत्पादक म्हणून मला हे निदान पटत नाही. आमच्या गावात विधानसभेला रांगा लागतात, आणि ग्रामपंचायतीच्या वेळी तर सुरतेला कामाला गेलेली माणसेही गाड्या करून आणली जातात. (गाडीभाडे कोण देतो, हा वेगळा विषय आहे.) मत देण्याची हौस फिटलेली नाही. मत दिल्यानंतर पाच वर्षांत आपल्याला कोणी काही विचारील, किंवा आपण विचारलेल्याचे कोणी उत्तर देईल, हा भरवसा मात्र गेला आहे, आणि तो जाण्याची कारणे शोधायला दिल्लीपर्यंत जावे लागत नाही.

पंचायती आणि नगरपालिका यांची मुदत पाच वर्षे, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असे राज्यघटनेत ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिले आहे. असे असताना जळगाव जिल्हा परिषदेसह राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदा मार्च २०२२ पासून प्रशासकांच्या हाती गेल्या, नगरपालिका आणि महापालिकाही एकामागून एक त्याच वाटेने गेल्या, आणि अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या असा आदेश द्यावा लागला. निवडणुका अडल्या त्या इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या प्रश्नावर. तो प्रश्न खरा होता आणि तो सुटणे आवश्यकही होते, परंतु त्या प्रश्नाच्या आडोशाने वर्षानुवर्षे लोकप्रतिनिधींविना कारभार चालवणे कोणत्याच सत्ताधाऱ्याला फारसे गैरसोयीचे वाटले नाही, हेही तितकेच खरे आहे. त्या काळात गावाचा रस्ता, शाळेची गळती किंवा दवाखान्यातील रिकामी जागा यांची तक्रार घेऊन जाण्यासाठी आम्हाला सदस्यच नव्हता.

अखेर डिसेंबर २०२५ मध्ये नगरपालिकांसाठी मतदान झाले. इतक्या प्रतीक्षेनंतर दोंडाईच्याच्या मतदारांवर मात्र केंद्रावर जाण्याची वेळच आली नाही, कारण तेथे नगराध्यक्षांसह सर्व नगरसेवक बिनविरोध निवडून आले. जामनेरचे नगराध्यक्षपदही बिनविरोध गेले. दोन्ही ठिकाणी ते पद विद्यमान मंत्र्यांच्या घरात गेले. जानेवारी २०२६ मध्ये जळगाव आणि धुळे महापालिकांच्या काही जागांचा निकालही मतदानाआधीच लागला. यात कायद्याचा भंग झाला असा माझा दावा नाही, आणि लहान गावात एकोप्याने बिनविरोध निवड होते तेव्हा तिचे कौतुक करणाऱ्यांपैकी मी एक आहे. परंतु ज्या शहरात अनेक पक्षांची कार्यालये आहेत, प्रत्येक चौकात इच्छुकांचे वाढदिवसाचे फलक लागतात, त्या शहरात माघारीच्या मुदतीपर्यंत एकही विरोधी अर्ज शिल्लक राहू नये, याचे स्पष्टीकरण मतदाराला कोणाकडून तरी मिळायला हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ‘नोटा’चा, म्हणजे यांपैकी कोणीही नको असे नोंदवण्याचा, अधिकार दिला. राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये त्याच्याही पुढे जाऊन, स्थानिक निवडणुकीत ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घेण्याची तरतूद केली. बिनविरोध निवडीत हे बटण दाबण्याची संधीच येत नाही. नापसंती नोंदवण्याचा अधिकार कागदावर शाबूत राहतो आणि तो वापरण्याचा प्रसंग परस्पर काढून घेतला जातो.

निवडणुकीचे नियमही आता सत्तेबरोबर बदलतात. थेट जनतेतून सरपंच ही पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली, आणि प्रत्येक वेळी ती लोकशाही बळकट करण्यासाठीच आल्याचे किंवा गेल्याचे सांगण्यात आले. पक्षांतराबद्दल वेगळे लिहीत नाही. जून २०२२ मध्ये शिवसेनेत आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादीत जी फूट पडली, त्यानंतर आपण दिलेले मत नेमके कोठे पोहोचले, असे आजही गावातील म्हातारी माणसे विचारतात आणि तरुण मुले ते विचारीतही नाहीत.

आता ज्यावर आमचे घर चालते त्या कापसाकडे येतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर केला, आदल्या वर्षी तो ७,५२१ रुपये होता. ही वाढ चांगली होती आणि तसे म्हणायला मला संकोच वाटत नाही. मात्र १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसाच्या आयातीवरील ११ टक्के शुल्क माफ करण्यात आले. आधी ही सवलत सप्टेंबरअखेरपर्यंत होती, पुढे काही दिवसांतच ती ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली गेली, म्हणजे खानदेशात पहिली वेचणी घरात येते तो सगळा काळ तिच्यात सापडला. अमेरिकेने लादलेल्या वाढीव शुल्कामुळे कापड उद्योग अडचणीत होता, हे मला मान्य आहे. सूतगिरण्या चालल्या नाहीत तर आमचा कापूस घेणार कोण, एवढे शेतकऱ्यालाही कळते. माझा आक्षेप निर्णयाच्या रीतीवर आहे. उद्योगाची मागणी काही दिवसांत अधिसूचनेत उतरली, आणि ज्याच्या मालाचा भाव त्या अधिसूचनेने पडणार होता, त्याला ती वर्तमानपत्रात वाचायला मिळाली. आमच्या भागातील एकाही लोकप्रतिनिधीने त्या आठवड्यात गावात येऊन ‘तुमचे काय म्हणणे आहे’ असे विचारल्याचे मला आठवत नाही.

हमीभाव आहे ना, असे यावर कोणी म्हणेल. तो मिळवण्यासाठी त्या हंगामात ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी हवी होती, सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी होती, त्यासाठी ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून स्वतः केलेली पिकाची नोंद, हवी होती, आधार बँक खात्याला जोडलेले हवे होते, केंद्रावर जाण्याची वेळ आरक्षित केलेली हवी होती, आणि एवढे सगळे जुळल्यावर मालातील ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा होता. आठ टक्क्यांच्या वर गेला की पैसे कापले जातात. दिवाळीपूर्वी वेचणीच्या मजुरीला रोख पैसा लागतो, म्हणून आमच्यासारख्यांनी पहिला कापूस गावात येणाऱ्या खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याच्या काट्यावर, हमीभावापेक्षा कमी दराने घातला. व्यापाऱ्याने आधार मागितले नाही. तोट्याचा व्यवहार सोपा असतो आणि हक्काच्या व्यवहारासाठी कागदांची चळत लागते, ही रचना कोणा एका पक्षाने केलेली नाही, आणि ती मोडण्याचे वचन आजवर कोणी दिलेले नाही.

नागरिकाची इतकी तपासणी करणाऱ्या व्यवस्थेने पैसेवाल्यांची तपासणी कशी केली, ते पाहा. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात, पंतप्रधानांच्या उपस्थितीत दिला गेला. सर्वांत गरीब माणसाची ओळख सरकारला पटावी, हा हेतू सांगितला गेला आणि तो वाईट नव्हता. त्यानंतर सात वर्षांनी, २०१७ च्या वित्त कायद्याने निवडणूक रोख्यांची, म्हणजे नाव उघड न करता पक्षांना देणगी देण्याची, वाट मोकळी झाली. कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपेक्षा अधिक देणगी देऊ नये, ही मर्यादा काढून टाकण्यात आली, आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे कंपनीने आपल्या नफा-तोटा पत्रकात सांगण्याचे बंधनही गेले. टेंभलीच्या आदिवासी बाईच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळे सरकारदरबारी जमा झाली होती, आणि कोट्यवधींच्या देणगीदाराचे नाव तिला कळता कामा नये अशी कायदेशीर व्यवस्था होती. साडेसोळा हजार कोटी रुपयांच्या आसपास रोखे विकले गेल्यानंतर, १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. रोख्यांचा तपशील देण्यासाठी स्टेट बँकेने ३० जूनपर्यंतचा, म्हणजे लोकसभेची निवडणूक उरकेपर्यंतचा वेळ मागितला. न्यायालयाने ११ मार्चला तो नाकारला आणि दुसऱ्याच दिवशी तपशील सादर झाला. पीककर्ज मागायला गेलेल्या शेतकऱ्याची थकबाकी आणि सिबिलचा आकडा संगणकावर एका क्षणात दिसतो, हे ज्याने अनुभवले आहे, त्याला ही मुदतीची विनंती वाचून काय वाटले असेल, ते मी सांगण्याची गरज नाही.

हा दोष आजच्याच राजवटीचा आहे, असे मी म्हणत नाही. कंपन्यांच्या देणग्यांवर १९६९ मध्ये बंदी आली आणि १९८५ मध्ये ती उठली, मधल्या काळात पैसा थांबला नाही, फक्त दिसेनासा झाला. विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाखांची खर्चमर्यादा आहे, पक्षाला मात्र कसलीही मर्यादा नाही, आणि ही पळवाट बुजवावी असे सत्तेत असताना कोणालाच वाटलेले नाही.

कर्जाच्या बाबतीतही हाच भेद आहे. २०१४-१५ पासूनच्या नऊ वर्षांत बँकांनी सुमारे १४.५६ लाख कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केली, म्हणजे आपल्या ताळेबंदातून काढून टाकली, त्यांतील सुमारे ७.४१ लाख कोटी मोठे उद्योग आणि सेवा क्षेत्राची होती, असे सरकारने २०२३ मध्ये संसदेत सांगितले. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली पुढे चालू राहते, हा खुलासा रास्त आहे आणि तो मी स्वीकारतो. परंतु एवढा सबुरीचा खुलासा विकास सोसायटीच्या थकबाकीदाराच्या वाट्याला कधी येत नाही. २०२४ च्या प्रचारात कर्जमाफीचे आश्वासन दिले गेले, आणि मार्च २०२५ च्या अखेरीस तत्कालीन अर्थमंत्र्यांनी ३१ तारखेपर्यंत हप्ते भरा असे सांगितले. आश्वासनावर विसंबून ज्यांनी हप्ता थांबवला होता, त्यांच्या व्याजाचा भार कोणी उचलायचा, हे त्या वेळी कोणीही सांगितले नाही.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन आपल्या फैजपूरला, जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली झाले. सारा आणि खंड कमी करणे, कर्जातून दिलासा, वेठबिगारी बंद करणे आणि शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी, असा शेतीविषयक कार्यक्रम तेथे संमत झाला. त्या काळाचे मला भाबडे कौतुक नाही. त्या वेळी बहुसंख्य लोकांना मतदानाचा अधिकारच नव्हता, आणि त्या कार्यक्रमातील कितीतरी गोष्टी पुढे सत्तेत आल्यावर त्याच पक्षाने बासनात बांधल्या. तरीही सत्ता मागणाऱ्यांनी गावात यावे आणि आपण काय करणार ते आधी लेखी ठरवावे, ही रीत तेथे पडली होती. आता गावात सभा होते ती हेलिपॅडपासून जवळ असेल तर होते.

संपादक महोदय, आपल्या दैनिकाकडे माझी एक विनंती आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत या वेळी ज्या ज्या जागा बिनविरोध झाल्या, तेथे किती अर्ज आले होते, छाननीत किती आणि कोणत्या कारणाने बाद झाले, आणि कोणत्या पक्षाच्या कोणत्या उमेदवाराने कोणत्या तारखेला माघार घेतली, ही माहिती निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या नोंदींत असते. ती प्रभागवार छापावी, आणि माघार घेणाऱ्या प्रत्येकाला तिचे कारण विचारून त्याचे उत्तर, किंवा उत्तर दिले नाही ही नोंद, नावासमोर द्यावी.

आपला,
एक कापूस उत्पादक वाचक
ता. पारोळा, जि. जळगाव