वाचा गेली, बुद्धी नाही

महोदय,

पक्षाघातानंतर आमचे काका चहाला ‘चावी’ म्हणतात, आणि चूक कळली की स्वतःवरच चिडतात. बेचा पाढा मात्र घडाघडा! हा वाचाघात, म्हणजे मेंदूच्या इजेने भाषा बिघडणं. फक्त ‘तान’ म्हणू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत डावीकडची इजा ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६१ मध्येच दाखवली होती. इंदूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत अजून याला ‘म्हातारचळ’च म्हणतात, असो.

वाचा-उपचार मिळाले, पण सगळी तपासणी हिंदीत. दोन भाषा बोलणाऱ्याच्या दोन्ही भाषा सारख्याच परततात असं नाही. इंदूरच्या मराठी घरांतल्या अशा रुग्णांवर कुणी वाचा-उपचारतज्ज्ञ पीएच.डी. करील का? काकूंनी रोजच्या चुकलेल्या शब्दांची वही ठेवली आहे. ती खुशाल न्यावी.

— एक वाचक, इंदूर