सुकाणूच्या कानापर्यंत

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "बोट आपोआप चालवणारं यंत्र तयारच मिळतं ना? मग ते बाकीच्या यंत्रांना जोडायला चार दिवस कसे लागतात?" तेव्हा मी घाईत होतो, नीट सांगता आलं नाही. तुमचं आयुष्य वायरिंगमध्ये गेलं, तुम्हाला उडवाउडवीचं उत्तर देणं बरं वाटेना. म्हणून सविस्तर लिहितोय.

ऑटोपायलटला एकट्याला एकच गोष्ट जमते, बोटीचं नाक ठरलेल्या दिशेला धरून ठेवणं. त्याचं स्वतःचं होकायंत्र असतं, सुकाणू फिरवणारी मोटर असते आणि मध्ये छोटा संगणक. पण पाण्याला ओढ असते. नाक अगदी बरोबर, आणि बोट मात्र तिरकी सरकत बाजूला गेलेली, असं सहज होतं. पायलटला त्याचा पत्ता नसतो. प्लॉटरला, म्हणजे समुद्राचा नकाशा दाखवणाऱ्या पडद्याच्या यंत्राला, असतो, कारण उपग्रहावरून मिळालेली जागा आणि आखलेली वाट दोन्ही त्याच्याकडे असतात. वारा कुठून येतोय हे डोलकाठीच्या टोकावरच्या यंत्राला ठाऊक. हे सगळं सुकाणूच्या कानापर्यंत न्यायचं, हे माझं काम.

या बोटीवर पायलट जुना, प्लॉटर नवा. जुन्याची बोली एनएमईए ०१८३, म्हणजे बोटीवरच्या यंत्रांनी एकमेकांना माहिती पाठवायची १९८३ सालची पद्धत. तिच्यात एका जोडीच्या तारेवर बोलणारा एकच, ऐकणारे अनेक. दोघं एकदम बोलले की कुणाचंच काही कळत नाही, मग मध्ये मल्टिप्लेक्सर, म्हणजे अनेकांचं बोलणं एकामागून एक पुढे पाठवणारा डबा, बसवावा लागतो. वेग सेकंदाला ४८०० बिट. एका अक्षराला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ४८० अक्षरं. होकायंत्राचं एक वाक्य, म्हणजे माहितीचा एक संदेश, साधारण २५ अक्षरांचं, आणि पायलटच्या होकायंत्राची दिशा सेकंदाला १० वेळा बाहेर पाठवायची ठरवली तर २५० अक्षरं तिथेच संपली. त्यामुळे नको ती वाक्यं बंद करायला मी आधी बसलो. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं की पुढे सगळंच अडखळतं.

तारा जोडल्या, बोलणाऱ्याची बाहेर जाणारी जोडी ऐकणाऱ्याच्या आत येणाऱ्या जोडीला. वाट धरण्याचं बटण दाबलं, तर पडद्यावर "डेटा नाही". जोडण्या उलटसुलट करून पाहिल्या, मीटर लावला, अर्धा दिवस गेला. तारा ठीकच होत्या. प्लॉटरवर जायचं ठिकाणच निवडलेलं नव्हतं! वाटेपासून किती बाजूला आहोत आणि कुठल्या दिशेला वळायचं, ही वाक्यं प्लॉटर ठिकाण निवडल्याशिवाय पाठवतच नाही. नकाशावर एक बिंदू धरून "इकडे चल" म्हटलं आणि पायलटने लगेच ऐकलं. आता कुठल्याही बोटीवर मी पहिल्यांदा तो बिंदू टाकतो, मग मीटर काढतो.

वाऱ्याचं यंत्र नव्या पद्धतीचं, एनएमईए २०००. हे तुम्हाला आवडेल. एक मुख्य केबल, तिला टी लावून फांद्या काढायच्या, कुठलीही फांदी ६ मीटरपेक्षा लांब नको. मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारा रोधक. वीज बंद करून पांढऱ्या आणि निळ्या तारेत मीटर लावला की ६० ओहम दिसायला हवेत. आम्हाला १२० दिसले. दोन समांतर जोडल्यावर ६०, मग १२० म्हणजे एक टोक उघडं, हे मी तिथल्या तिथे सांगितलं. डोलकाठीच्या बुडाशी पाहिलं तर टर्मिनेटर लावायचाच राहिला होता. जुनी आणि नवी बोली जोडायला मध्ये कन्व्हर्टर बसवला. मोटरची वीज मात्र या केबलमधून अजिबात घ्यायची नाही. तिला वेगळी जाड केबल आणि स्वतःचा ब्रेकर, नाहीतर लाटेत मोटर जोर लावते, व्होल्टेज पडतं आणि सगळे पडदे बंद होऊन पुन्हा सुरू होतात.

तिसऱ्या दिवशी पाण्यात उतरलो. उत्तरेकडे सगळं छान, दक्षिण-नैर्ऋत्येला वळलो की बोट भलतीकडे ओढायची. सगळे प्लॉटरला दोष देऊ लागले. मला मात्र होकायंत्राची शंका होती. ते एका बिछान्याखालच्या कप्प्यात बसवलेलं. गुडघ्यांवर बसून फळी उचलली, तर त्याला टेकून पान्यांची पिशवी ठेवलेली. पिशवी हातभर मागे ओढली आणि वर ओरडून आकडा विचारला. "२१४ होता, २०१ झाला!" १३ अंशांचा फरक, नुसत्या लोखंडाने. कप्पा रिकामा केला, शांत पाण्यात बोट सावकाश पूर्ण गोल फिरवली, म्हणजे पायलटने आपली चूक स्वतः मोजून दुरुस्त केली. मग मालकाला समोर बसवून दाखवलं की या कप्प्यात लोखंड, चुंबक, स्पीकर यातलं काहीही ठेवायचं नाही.

चौथा दिवस मालकाच्या घरच्यांना शिकवण्यात गेला, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पायलटला समोरचं जहाज दिसत नाही. वाटेवरचा बिंदू आला की तो नुसता आवाज करतो, पुढच्या बिंदूकडे वळायला माणसाचा होकार मागतो. म्हणून थांबवायचं बटण कुठे आहे ते प्रत्येकाच्या हाताला कळायला हवं. मालकाच्या लहान मुलीकडूनही मी ते पाचदा दाबून घेतलं.

सोबत जोडणीची आकृती काढून पाठवतोय. शील्ड, म्हणजे केबलमधलं तारांभोवतीचं धातूचं आवरण, एकाच टोकाला अर्थ केली आहे, लाल पेनने खूण आहे. कन्व्हर्टरजवळचा फ्यूज मी १ अँपिअरचा धरलाय, तेवढं बघून कळवा. आईला नमस्कार.

तुमचा,
धाकटा